घाटाचे उरलेले आणे

लग्नाच्या पंगतीत बसलो की मी मनातल्या मनात गुण देतो. मांडवाला इतके, सावलीला इतके, चपला काढायच्या जागेला भोपळा. ही खोड जुनी आहे आणि तिच्यावरच माझं पोट चाललं. बांधलेल्या इमारतीभोवतीची मोकळी जागा कशी असावी, झाडं कुठे, पायवाट कुठून, म्हाताऱ्या माणसाला टेकायला काय, पावसाचं पाणी कुठून निघून जाईल, हे शिकवणं माझा धंदा. त्याला भूदृश्यरचना असं भारदस्त नाव आहे. जालन्यात त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. इथे मी गार्डनवाले सर. शेजारच्या काकू कुंडीतली तुळस वाळली की मला हाक मारतात. मला तुळशीतलं काही कळत नाही असं सांगितलं, तर तो त्यांना विनय वाटतो.

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, माझ्या या खोडीची गंमत वाटायची. ताट वाढून झालं की कमरेवर हात ठेवून विचारायची, "मग परीक्षक, आजच्या वांग्याला किती?" मी गंभीरपणे सांगायचो, चवीला इतके, मिठाला इतके, तेलाबद्दल मत राखून ठेवतो. "राखून ठेवा आणि गप जेवा," ती म्हणायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. घरात दोनच माणसं, एक गुण देणारा आणि एक त्याची खिल्ली उडवणारी. आता नुसता गुण देणारा उरला आहे. सकाळी मीच पोहे करतो, मीच खातो, आणि गुण द्यायचा कंटाळा करतो.

जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी आमची सगळी बिल्डिंग जिन्यात असते. मोटारी घरघरतात, "आलं का हो, आलं का?" अशा हाका सुरू होतात. एकट्याला पाणी ते किती लागणार? माझी टाकी निम्मी भरलेलीच असते. तरी मी बादली घेऊन जिन्यात जाऊन उभा राहतो, कारण त्या दिवशी चार माणसं माझ्याशी बोलतात. मधले दिवस काढणं जड जातं. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक डबा पाठवतात, आणि मला डबा नको असतो.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत एकदा दुपारी ही एकदम डोळे उघडून म्हणाली, "अहो, ते एक राहिलंच बघा." मी विचारलं, काय? तेवढ्यात सिस्टर सलाइन बदलायला आली. ती गेल्यावर मी पुन्हा विचारलं. ही दमली होती. "जाऊ द्या, सांगते नंतर," म्हणाली आणि डोळे मिटले. नंतर ती बोलण्याच्या अवस्थेत राहिली नाही. तिचं काय राहिलं होतं हे मला कळावं, एवढी एकच गोष्ट मला तेव्हापासून हवी आहे. देवाकडे माझं दुसरं मागणं नाही, आणि हे एक मागणं देवाच्या हातातलं आहे की नाही याचीही मला शंका आहे.

हिचं माहेर शहागडच्या अलीकडच्या एका वाडीत, आणि वाडीतले दहावे होतात शेजारच्या गावात, गोदावरीच्या काठी. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. तिचा दहावा तिथल्याच घाटावर केला. त्यानंतर मी त्या घाटाकडे फिरकलो नव्हतो. बीडला जायचं झालं आणि गाडी शहागडच्या पुलावर आली, की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचो.

आणि नेमकं त्याच घाटाच्या सुशोभीकरणासाठी मला बोलावणं आलं.

सुशोभीकरण हा शब्द ऐकला की माझं पित्त खवळतं. या शब्दाने आपल्याकडे जेवढी झाडं पाडली तेवढी कुऱ्हाडीने पाडली नसतील. पण गावच्या समितीचं म्हणणं सरळ होतं. तीन आराखडे आले होते, त्यातला एक निवडायचा होता, आणि गावातल्या गावात निवडला असता तर भांडणं झाली असती. तेव्हा तिघा तटस्थ माणसांनी गुण द्यावेत आणि ते गुण कसे मोजायचे हे मी ठरवावं. नकार द्यायला मी फोन उचलला, आणि हो म्हणून ठेवून दिला. का, ते नीट सांगता येत नाही. कुणीतरी बोलावलं होतं, एवढंही कारण मला त्या दिवसांत पुरेसं होतं.

बाकीचे दोघे कोण, तर एक शेठजी आणि एक बाई. शेठजी कापसाचे व्यापारी. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन इथे इतकं मुरलेलं की त्यांना मराठवाड्याच्या बोलीखेरीज दुसरं काही धड येत नाही. जैन, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जेवणारे, मोजकं बोलणारे. बाई तिथल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. बौद्ध घरातल्या, शिस्तीच्या कडक. आजही गावातले बापेलोक त्यांना पाहिलं की शर्टाची वरची गुंडी लावतात. गावातल्या कुठल्याही भावकीत हे दोघे नाहीत, कुणाच्या बाजूचे नाहीत, म्हणून समितीने त्यांना घेतलं. मलाही तो विचार उत्तम वाटला.

गुण देण्याची माझी रीत मी त्यांना शेठजींच्या दुकानामागच्या खोलीत समजावली. आमच्या शास्त्रात तिला लांबलचक नाव आहे, ते मी काढलं नाही. म्हटलं, रुपयाचे सोळा आणे धरा. समजा, प्रश्न सावलीचा आहे. हा आराखडा सावलीला चांगला आहे असं तुमचं मन जितके आणे म्हणत असेल तितके 'हो'मध्ये टाका. जितके आणे नाही म्हणत असेल तितके 'नाही'मध्ये. बेरीज सोळा झालीच पाहिजे असं नाही. जे उरतील ते 'सांगता येत नाही'.

"हे बराबर हाय," शेठजी म्हणाले. "आमच्या धंद्यात बी असंच राह्यतं. कापूस हातात घेतला की थोडं कळतं, थोडं गाठोडं फोडल्याबिगर कळत न्हाई."

बाईंनी चष्मा खाली सरकवून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे माहीत न्हाई म्हणायची मुभा हाय? सर, मी शाळेत कुणालाच दिली न्हाई ती."

इथे मुभा आहे, मी म्हटलं. या रीतीत मला सगळ्यात जास्त काही आवडत असेल तर ते हेच.

जागा बघायला आम्ही मुद्दाम असा दिवस निवडला की घाटावर कुणाचं काही नसेल. दुःखात बसलेल्या लोकांपुढे नकाशे उलगडून उभं राहणं बरं दिसत नाही, यावर तिघांचं एकमत झालं. घाट रिकामा होता. बंधाऱ्याचं पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं, वाळलेले हार, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या, आणि पायऱ्यांच्या डोक्यावर ती जुनी चिंच. मी सगळा वेळ चिंचेकडे पाठ करून उभा होतो. नकाशा धरायला उजेड त्या बाजूने बरा येतो, असं मी शेठजींना सांगितलं.

तीन आराखड्यांतला एक कारंज्याचा होता, तो पहिल्याच फेरीत बाद झाला. दुसरा साधा होता. चिंच तशीच, तिच्याभोवती दगडी कट्टा, पायऱ्यांची डागडुजी, बस. आणि उरलेला जो होता तो मात्र चकचकीत. फरशीचं मोठं पटांगण, कडेने बॉटल पामची रांग, मधोमध उंच दिव्याचा खांब. चिंच काढून टाकायची, कारण तिच्यावरच्या पाखरांची घाण पडते, पिकल्या चिंचा पडतात आणि फरशी खराब होते. खांब येणार तो बरोबर चिंचेच्या जागी.

आम्ही एकेका निकषावर आणे टाकत गेलो. सावलीला साधा आराखडा पुढे. स्वच्छतेला चकचकीत फार पुढे, तिघांचेही जवळजवळ सोळा आणे. रात्रीच्या उजेडाला, पाय घसरू नये याला, दिसायला, सगळ्याला चकचकीत पुढे. मग शेवटचा निकष आला, 'ज्या कामासाठी लोक येतात त्याला जागा योग्य आहे का?' बाईंनी दोन आणे इकडे, एक आणा तिकडे टाकला आणि पेन्सिल ठेवून दिली. "आमच्यात पिंड न्हाईत सर. तिथं लोकान्ला काय लागतं ते मी कसं सांगू? खोटं लिहायचं का?"

"आमच्यात बी न्हाई," शेठजी म्हणाले, आणि त्यांनीही जवळजवळ सगळेच आणे 'सांगता येत नाही'मध्ये सोडले.

मी मात्र दोन्ही आराखड्यांना भराभर सारखेच आणे मांडून मोकळा झालो. त्या निकषापाशी मला थांबायचं नव्हतं. मग बसलो हिशेबाला. उरलेले आणे निम्मे 'हो'त आणि निम्मे 'नाही'त वाटून टाकायचे, अशी माझी नेहमीची पद्धत. वर्गात मी ती वर्षानुवर्षं शिकवली आहे. जे कळत नाही ते कुणाच्याही पारड्यात घालू नका, सारखं वाटा. ऐकायला फार न्यायाचं वाटतं. त्या वाटणीनंतर शेवटच्या निकषावर दोन्ही आराखडे बरोबरीत आले, म्हणजे तो निकष असून नसल्यासारखा झाला. चकचकीत आराखडा जिंकला. आम्ही चहा प्यायलो आणि मी जालन्याची गाडी धरली.

अहवालाला घाटाचे आताचे फोटो जोडायचे होते. आमच्या त्या निवांत दिवशी मी एकही काढला नव्हता. म्हणून पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो. अंबडपर्यंत उभा, पुढे बसायला जागा. या खेपेला दिवस निवडला नव्हता, आणि घाटावर एक दहावा चालू होता.

गेलेली बाई म्हातारी असावी. पोरगं टक्कल केलेलं, सुना, लेकी, शेजारपाजार. भाताचे पिंड पानावर ठेवून सगळे मागे सरले होते आणि हात जोडून वर बघत उभे होते. वर चिंचेवर एक कावळा. आमच्यात असं आहे की कावळा येऊन पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलं नाही. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. मग घरचे लोक आठवून आठवून बोलत जातात, काय राहिलं असेल त्याचा अंदाज घेत, एकेक वचन देत. मी लांब पायऱ्यांच्या कडेला उभा राहिलो. कॅमेरा पिशवीतच राहू दिला.

"माये, धाकल्याचं लगीन बराबर करू," मुलगा म्हणाला. कावळा हलला नाही. "तुझ्या लेकीला दिवाळीला आनू, दर सालाला आनू." कावळ्याने मान वाकडी केली. कुणी शेताचं बोललं, कुणी पंढरीच्या माळेचं. ऊन चढत होतं. मग थोरली सून पुढे आली, पदर नीट केला, आणि जरा रागातच म्हणाली, "आत्याबाई, म्हैस इकनार न्हाई. झालं? मरस्तोवर इकनार न्हाई. या आता."

कावळा खाली आला.

सगळे हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मुलगा तर सुनेकडे बघून "म्हैस व्हय गं!" म्हणत मटकन खालीच बसला. आणि मला, खरं सांगतो, त्या लोकांचा हेवा वाटला. जळजळीत हेवा. त्यांना कळलं होतं. एका म्हशीचं का असेना, कळलं होतं.

हिच्या दहाव्याला याच चिंचेवर कावळा बसला होता. तो उडूनही गेला नाही आणि खालीही आला नाही. तिचा भाऊ म्हणाला, आईला मी सांभाळतो, काळजी करू नको. भावजय म्हणाली, तुमच्या पैठण्या माझ्या लेकींना देईन, मोडणार नाही. मी म्हणालो, वेळेवर जेवीन. गोळ्या घेईन. गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालीन. तुझ्या मैत्रिणीचं पुस्तक परत करीन. जे सुचलं ते सगळं म्हणालो. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, सर, मोठ्याने बोला. मी मोठ्यानेही बोललो. कावळा बघत राहिला. मग लोकांना गाड्यांची घाई झाली. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, झालं म्हणाले. लोक उठले, मीही उठलो. तेव्हापासून 'झालं' या शब्दावर माझा विश्वास नाही.

त्या म्हशीवाल्या दहाव्याचे लोक आवरून गेल्यावर मी पिशवीतून नकाशा काढला. चिंच उभी होती तिथे नकाशात दिव्याचा खांब उभा होता. बॉटल पामवर कावळा बसत नाही. त्याला पाय रोवायला फांदी लागते, बसून खालच्या माणसांकडे बघायला जागा लागते. आम्ही तिघा शहाण्यांनी दहाव्याच्या घाटाला स्वच्छतेचे सोळा आणे दिले होते आणि कावळ्याला उठवून लावलं होतं. दोघांच्या घरात कावळा नव्हता. तिसऱ्याच्या घरात होता, पण त्याला तो आठवायचा नव्हता.

घाटावरचे गुरुजी भांडी घासत होते. हिच्या वेळचेच, आता केस पिकलेले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना झाडाबद्दल विचारलं.

"झाडाचं काय सर, ऱ्हावो का जावो," ते म्हणाले. "आधी वर पत्र्याचं बघा. उन्हात मंत्र म्हणून म्हणून घसा सुकून राह्यला. अन् पंखा एक."

"पण कावळा कुठून येणार?"

"न्हाई आला तर दर्भाचा हाय की आपला. त्याला कोण अडवतंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्यांची काही चूक नव्हती. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाने पत्रा मागितला तर त्यात वावगं काय? पण दर्भाचा कावळा कधीच नाही म्हणत नाही, आणि जो कधीच नाही म्हणत नाही त्याच्या 'हो'ला अर्थ काय, हे मला त्यांना सांगता आलं नाही. मी दोन-चार फोटो काढले आणि रस्त्यावर येऊन ट्रकांच्या धुरळ्यात गाडीची वाट बघत उभा राहिलो.

परतीच्या वाटेवर डोकं चालवलं. एक सोपा मार्ग होता. अहवालात एक नवा निकष घालायचा, 'पक्षी अधिवास'. भारदस्त, निर्जीव, कुणी काही विचारणार नाही. पण आणे ज्याचे त्यानेच टाकायचे असतात. शेठजींनी आणि बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की आम्हाला माहीत नाही. त्यांचं ते माहीत नसणं मी निम्मं निम्मं वाटून संपवून टाकलं होतं, जणू ते कधी नव्हतंच. ते भरायचं तर त्यांना सांगावं लागणार होतं. आणि सांगायचं तर नुसत्या कावळ्याचं सांगून भागणार नव्हतं. हिच्या दहाव्याबद्दल मी तोवर कुणाशी बोललो नव्हतो. बोलायला होतं तरी कोण? जिन्यात बादली घेऊन उभं राहून माणूस असल्या गोष्टी बोलत नाही.

घरी आल्यावर दोन दिवस मी अहवाल उघडला नाही. तो तसाच पाठवला असता तर कुणाला कळलंही नसतं. गावाला चकचकीत घाट मिळाला असता, मला पुन्हा कधी तिकडे जावं लागलं नसतं. फक्त ती चिंच गेली असती, आणि तिच्याबरोबर तो कावळाही, जो माझ्याकडे बघत बसला होता आणि ज्याने अजून मला काही सांगितलं नव्हतं. शेवटी मी दोघांना फोन केला. म्हटलं, गुण पुन्हा द्यावे लागतील, आणि या खेपेला घाटावरच बसू.

चिंचेखाली सतरंजी शेठजींनी आणली होती, चहाचा थर्मासही त्यांचाच. बाई छत्री घेऊन आल्या होत्या. मी उभा राहून सुरुवात केली. म्हटलं, जागेचं मूल्यमापन करताना वापरणाऱ्याच्या सांस्कृतिक गरजा निकषांत उतरल्या नाहीत, तर निर्णयात एक प्रकारची…

"सर," बाई म्हणाल्या, "वर्ग घेऊ नका. खाली बसा. तुमच्या घरचं कुणी हितं झालंय का?"

मी खाली बसलो. आणि सांगितलं. दवाखान्यातली ती दुपार सांगितली, सिस्टर आली ते सांगितलं, कुंड्यांचं आणि गोळ्यांचं सांगितलं, दर्भाचं सांगितलं. परवाच्या म्हशीचंही सांगितलं. शेठजी खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होते. वरून एक वाळकी चिंच टपकन थर्मासवर पडली, तेव्हा तिघांनीही एकदमच वर पाहिलं.

"मंग वैनींचं काय राह्यलं व्हतं?" शेठजींनी विचारलं.

"माहीत नाही."

"अजून बी?"

"अजून बी न्हाई," मी म्हणालो. त्यांच्याच बोलीत तोंडातून निघालं.

बाईंनी पदराने चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "कावळ्याला काय कळतं यावर माझा इश्वास न्हाई सर, तुम्हाला राग आला तरी. पण मानसाला थांबायला जागा पाहिजे. थांबून बोलायला पाहिजे. खांबाखाली कोण बोलतंय? द्या तो कागद इकडं." त्यांनी शेवटच्या निकषावरचे आपले आणे खोडले आणि नव्याने टाकले. शेठजींनीही टाकले. त्यांनी सगळे टाकले नाहीत. दोन आणे अजूनही 'सांगता येत नाही'मध्ये ठेवले. "आपल्यात न्हाई त्याचं सोळा आणे बोलू न्हाई," म्हणाले. ते दोन आणे मी या खेपेला वाटले नाहीत. जसे होते तसे अहवालात दाखवले, आणि खाली लिहिलं की हे उरलेले आहेत आणि उरलेलेच राहतील. साधा आराखडा जिंकला. चिंच राहिली.

चहा गार झाला होता, तरी प्यायलो. उठायची वेळ झाली तेव्हा शेठजींनी मला सरळ विचारलं. आमच्याकडे असलं विचारायला कुणी लाजत नाही.

"सर, तुमचं कोन करनार?"

"कोणी नाही," मी म्हणालो. हे मला कधीपासून माहीत होतं, पण मोठ्याने पहिल्यांदा म्हणालो.

बाई छत्री उघडत होत्या. "त्यात काय? आम्ही येऊन बसू की," त्या म्हणाल्या. "आमच्या दोघांत बी न्हाई हे, पण बसायला काय जातंय? चहा आणू, सतरंजी आणू. हितंच बसू, या झाडाखाली."

"बिलकुल," शेठजी म्हणाले.

"फक्त एक करा सर," बाई हसत म्हणाल्या, "तुमचं काय राह्यलंय ते आत्ताच सांगून ठेवा. आम्हाला तुमचं काय ठाऊक? उगं त्या कावळ्याला उन्हात तिष्ठत ठेवायचं."

सोपा प्रश्न होता. मी तोंड उघडलं. माझं काय राहिलं होतं? कुंड्या? पुस्तक तर परत केलेलं होतं. जन्मभर समोर येईल त्याला गुण दिले, वांग्याला दिले, मांडवाला दिले, आणि स्वतःचं एक काय राहिलं ते सांगता येईना. काहीतरी राहिलं होतं हे पक्कं. आत कुठेतरी ते हलतही होतं. पण त्याला शब्द मिळेना. दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जाऊ द्या," मी म्हणालो, "सांगतो नंतर."

आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. तीच वाक्यं, तसाच दमलेला आवाज. दवाखान्यातल्या त्या दुपारी हिला काही ठाऊक होतं आणि ते सांगायचं राहून गेलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिलाही ते तेव्हा सापडलं नसेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

मी परत सतरंजीवर बसलो. बाईंनी छत्री मिटली आणि त्याही बसल्या.

"जल्दी न्हाई सर," शेठजी म्हणाले. त्यांनी थर्मास हलवून बघितला. त्यात अजून थोडा चहा होता.